पावती एकाची, खिसा दुसऱ्याचा

फेब्रुवारीचा पगार झाला की दोघे-तिघे तरी हटकून माझ्या टेबलाशी येतात. हिशेबखात्यात बसतो म्हणून मी त्यांना हाताशी सापडतो. प्रश्न दरवर्षी तोच. "साहेब, प्रोफेशनल टॅक्स या वेळी तीनशे कसा? एरवी तर दोनशेच जातात."

शंभर रुपयांचा प्रश्न, पण उत्तराला थेट राज्यघटनेपर्यंत जावं लागतं. घटनेचं २७६वं कलम सांगतं की राज्यानं किंवा स्थानिक संस्थेनं नोकरी-धंद्यावर कर जरूर लावावा, पण एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये. महिन्याला २०० घेतले तर बारा महिन्यांचे २,४०० होतात. वरचे शंभर राज्याला सोडवत नाहीत, म्हणून ते फेब्रुवारीत उचलतात. बस, एवढंच. ही मर्यादा आधी २५० होती. १९८८मध्ये ती दहापट केली आणि तेव्हापासून ती तिथेच बसून आहे. त्यामुळे महिना पंचवीस हजारवाला कामगार आणि महिना तीन लाखवाला मॅनेजर, दोघांचा व्यवसाय कर अगदी रुपयाला रुपया सारखा. (बाईमाणसाला महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे.)

या कराला एक गोष्टही आहे आणि ती मला आवडते. महाराष्ट्रात तो १९७५च्या कायद्यानं आला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, नालाबंडिंगची माती उपसणाऱ्या माणसांच्या हाताला काम देताना जी रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्या तिजोरीला नियमित झरा हवा होता. तो पगारदारांकडून काढला. शहरातल्या पगारपत्रकातून निघालेला पैसा गावाकडच्या हजेरीपटावर जायचा. आज पगारपत्रकावर 'पी.टी.' ही दोन अक्षरं वाचताना हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

शाळेत आपल्याला करांचे दोन प्रकार शिकवतात, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष. व्याख्या पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. मी विचारणाऱ्याला वेगळं सांगतो. कुठलाही कर समोर आला की दोन गोष्टी बघा. तो आपल्याला कुठल्या क्षणी गाठतो: कमावताना, खर्चताना, काही बाळगून असताना, की एखादी वस्तू या हातातून त्या हातात जाताना? आणि सरकारकडे तो भरणारा कोण आणि सोसणारा कोण? ही दोन माणसं पुष्कळदा वेगळी असतात, आणि करांबद्दलचे निम्मे गैरसमज या जागी जन्माला येतात.

कमावतानाचा कर म्हणजे आयकर. त्याच्याबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे, "पगारवाढ नको, वरच्या स्लॅबमध्ये जाईन आणि हातात कमी येईल." हे बोलणारे शिकलेसवरलेले असतात. मी त्यांना दारं धरणाऱ्या शेतकऱ्याची आठवण करून देतो. पाटाचं पाणी तो सगळ्या रानात एकदम सोडत नाही. पहिला वाफा भरला की दारं मोडून पाणी दुसऱ्यात, तो भरला की तिसऱ्यात. तिसऱ्या वाफ्यात पाणी गेलं म्हणून पहिल्यातलं कमी होत नाही. उत्पन्नाचंही तसंच. नव्या करप्रणालीत २०२५-२६च्या दरांनी पहिल्या ४ लाखांच्या वाफ्यावर काहीच नाही. ४ ते ८ लाखांच्या वाफ्यावर ५ टक्के, ८ ते १२वर १०, १२ ते १६वर १५, आणि असं पाच-पाचनं चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १५ लाख असेल तर दुसऱ्या वाफ्याचे २० हजार, तिसऱ्याचे ४० हजार, आणि चौथ्यात फक्त ३ लाख उतरले म्हणून त्यांचे ४५ हजार. एकूण १ लाख ५ हजार. त्यावर ४ टक्के उपकर धरून १,०९,२००. म्हणजे माणूस '१५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये', पण प्रत्यक्षात गेले शंभराला सव्वासातच्या आसपास.

इथपर्यंत सरळ आहे. आता गंमत बघा: ज्याला मी गैरसमज म्हटलं, तो एका जागी खरा ठरतो. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर वरच्या हिशेबानं येणारे ६० हजार सरकार सूट म्हणून सोडून देतं, कर शून्य. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट आधीच मिळते, म्हणून पेपरात १२ लाख ७५ हजारांचा आकडा येतो. पण ही सूट वाफ्यासारखी नाही, कड्यासारखी आहे. १२ लाखांच्या वर एक रुपया गेला की ती संपते आणि ६० हजार एकदम अंगावर येतात. माणूस कड्यावरून सरळ खाली पडू नये म्हणून कायद्यानं खाली एक दोर बांधलाय: १२ लाखांच्या वर जितके रुपये कमावले, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झालं तर कर ६१,५०० ऐवजी १० हजार. ठीक. पण ४ टक्के उपकर त्यावर लागतोच, ४०० रुपये. म्हणजे दहा हजार जास्त कमावले आणि दहा हजार चारशे भरले! पगारवाढीचा अख्खा घास तर गेलाच, वर पदरचे चारशेही गेले. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हा चमत्कारिक पट्टा चालतो, त्यापुढे वाफ्यांचा नेहमीचा हिशेब सुरू होतो. या पट्ट्यात जो असेल, त्यानं मार्चमध्ये बोनस घ्यावा की एप्रिलमध्ये, हा प्रश्न जरूर विचारावा. बाकीच्यांनी पगारवाढ डोळे मिटून घ्यावी.

आणखी एक खाचखळगा. ही १२ लाखांची सूट शेअर विकून झालेल्या नफ्याच्या खास दरांना लागू होत नाही. उत्पन्न ९ लाख, त्यातले २ लाख वर्षाच्या आत शेअर विकून झालेले, आणि "आपण तर बाराच्या आत" म्हणून निवांत बसलेले दोन तरुण मी गेल्या वर्षी पाहिले.

टीडीएसबद्दल, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापून घेतल्या जाणाऱ्या कराबद्दल, थोडक्यात. तो स्वतंत्र कर नाही, आगाऊ घेतलेली उचल आहे. आमच्या वाड्यातल्या काकूंची ठेव आहे. बँकेनं व्याजातून दहा टक्के कापले तेव्हा त्या म्हणाल्या, "चला, माझा कर भरून झाला." झाला नव्हता, आणि उलट त्यांना कर लागतच नव्हता. कापलेले पैसे परत मिळवायचे तर विवरणपत्र भरायला हवं होतं, आणि कापूच नये असं वाटत असेल तर वर्षाच्या सुरुवातीला बँकेत स्वयंघोषणापत्र द्यायला हवं होतं. वरच्या, ३० टक्क्यांच्या दरात बसणाऱ्याचं उलटं असतं: बँकेनं दहा कापले तरी उरलेले वीस त्यानं स्वतः भरायचे असतात. बँक इथे फक्त हात आहे, खिसा नाही.

आता जीएसटी, म्हणजे वस्तू आणि सेवा कर, जिथे भरणारा आणि सोसणारा यांची सर्वांत मोठी फारकत होते. १ जुलै २०१७ला तो आला. त्याची मेख कळायला एक लाकडी टेबल पुरे. प्लायवूडवाल्यानं सुताराला ५ हजारांचा माल दिला, वर १८ टक्क्यांनी ९०० रुपये कर घेतला आणि सरकारला भरला. सुतारानं टेबल करून दुकानदाराला ८ हजारांना विकलं, वर १,४४० कर घेतला. पण हे सगळे १,४४० तो सरकारला देत नाही. "मी आधीच ९०० दिलेत" असं सांगून तो फक्त ५४० भरतो. दुकानदारानं ते टेबल मला १० हजारांना विकलं, वर १,८०० कर लावला. त्यातून सुताराला दिलेले १,४४० वजा करून त्यानं ३६० भरले. आता बेरीज करा. ९०० अधिक ५४० अधिक ३६०, बरोबर १,८००. सरकारच्या दप्तरी तिघांनी कर भरला, पण तिघांच्याही खिशातून पै गेली नाही. सगळे १,८०० माझे गेले. मी मात्र सरकारच्या कुठल्याही खात्यात करदाता म्हणून नाही.

आधी भरलेला कर वजा करायच्या या सोयीला धंद्यात 'इनपुट क्रेडिट' म्हणतात आणि व्यापारी तिच्यासाठी जीव टाकतात, कारण साखळीतला एक जण जरी बिल विवरणपत्रात दाखवायला चुकला तरी पुढच्याचं क्रेडिट अडकतं. तुमच्याकडून पक्कं बिल मागणारा, "जीएसटी नंबर द्या" म्हणून मागे लागणारा ठेकेदार उगाच त्रास देत नसतो. हे क्रेडिट नसेल तर काय होतं हे आपण अनेक वर्षं भोगलंय: कारखान्यात उत्पादन शुल्क, त्या वाढीव किमतीवर पुन्हा विक्रीकर किंवा व्हॅट, आणि शहराच्या वेशीवर जकात.

क्रेडिटचं हे गणित कळलं की 'शून्य टक्के' या शब्दाकडेही जरा सावधपणे बघता येतं. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले, बहुतेक वस्तू ५ किंवा १८मध्ये आल्या, चैनीच्या आणि घातक मालाला ४० लागला. त्याच दिवसापासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर गेला. हप्ता स्वस्त झाला हे खरंच. पण विक्रीवर कर नाही तर खरेदीवरचं क्रेडिटही नाही. विमा कंपनी भाडं, संगणक, एजंटचं कमिशन यांवर जो जीएसटी देते, तो आता तिला वजा करता येत नाही. तो खर्च होतो, आणि खर्च कुठून निघतो ते सांगायला नको. कर दिसेनासा झाला म्हणून तो नाहीसा झाला असं नसतं. हॉटेलचंही तेच. मिसळीच्या बिलावर फक्त ५ टक्के लागतात ते याच अटीवर, की हॉटेलवाल्यानं क्रेडिट मागायचं नाही.

हॉटेलचं बिल हातात आलंच आहे तर ते नीट वाचा. ४०० रुपयांच्या खाली १० रुपये सीजीएसटी आणि १० रुपये एसजीएसटी दिसेल. एक केंद्राचा, एक राज्याचा. वर कुठेतरी पंधरा अक्षरं-अंकांचा जीएसटी नंबर असेल. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. नंबरच नसेल आणि तरी बिलात जीएसटी लावलेला असेल, तर तो सरकारला पोचणार नाही, हे लिहून घ्या. काही छोटे हॉटेलवाले 'कंपोझिशन' योजनेत असतात. ते एकूण उलाढालीवर स्वतःच्या पदरचा कर भरतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून कर घ्यायची मुभाच नसते. आणि 'सर्व्हिस चार्ज' नावाची ओळ असेल तर ती सरकारची नव्हे, हॉटेलची. पाकिटावरच्या छापील किमतीत सगळे कर आलेलेच असतात. त्यावर पुन्हा जीएसटी मागणाऱ्याला ती किंमत बोट ठेवून दाखवावी.

जीएसटीचा पैसा माल जिथे वापरला जातो त्या राज्याला जातो, जिथे बनतो त्याला नाही. चाकणला बनलेली गाडी पाटण्याला विकली गेली की राज्याचा वाटा बिहारला. कारखान्यांच्या महाराष्ट्राला म्हणूनच सुरुवातीला धाकधूक होती आणि पाच वर्षं, जून २०२२पर्यंत, राज्यांना वर्षाला १४ टक्के वाढीची हमी देऊन भरपाई द्यावी लागली.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणतात, "आपल्याला काय करबिर लागत नाय." त्यांनी १९९ रुपयांचा मोबाइल रिचार्ज मारला तेव्हा मी कागदावर मांडून दाखवलं. १९९मध्ये १८ टक्के धरलेले आहेत. त्यातले ३० रुपये ३६ पैसे जीएसटी. त्याच दिवशी आमच्या कंपनीच्या मालकांनी तोच रिचार्ज मारला असता तरी तेवढाच. मावशींनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "मालकांएवढा? मंग बरंय की," म्हणाल्या, आणि हसल्या. मला मात्र फारसं हसू आलं नाही. आयकर माणसाची ऐपत विचारतो, जीएसटी फक्त बिल बघतो.

पेट्रोल आणि दारू मात्र या साखळीच्या बाहेर. पिण्याची दारू घटनेनंच राज्यांकडे ठेवली. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या कक्षेत आणायची दारं घटनेत उघडी आहेत, पण जीएसटी परिषदेनं अजून आणलेलं नाही, आणि कुठल्याच सरकारला त्याची घाई नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं. राज्याचा व्हॅट टक्क्यांत, आणि महाराष्ट्रात पेट्रोलवर शिवाय लिटरमागे ठरावीक रक्कमही. त्यामुळे कच्च्या तेलाचा भाव चढला की राज्याचा कर आपोआप चढतो, कुणाला काही जाहीर करावं लागत नाही. आणि इथे क्रेडिट नाही. ट्रकवाल्यानं डिझेलवर दिलेला कर भाड्यात जातो, भाडं टोमॅटोच्या भावात. नारायणगावहून वाशीला गेलेल्या टोमॅटोवर जीएसटी शून्य आहे. त्यातल्या डिझेलवरचा कर मात्र शून्य नाही.

इथेच उपकराची म्हणजे सेसची भानगड समजून घ्यावी. केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा वित्त आयोगाच्या सूत्रानं राज्यांना मिळतो. पण उपकर आणि अधिभार (सरचार्ज) या वाटपाच्या बाहेर असतात, ते सगळे केंद्राकडे राहतात. २०२१च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवरचं मूळ उत्पादन शुल्क, ज्यात राज्यांचा वाटा असतो, ते लिटरला १ रुपया ४० पैशांवर आणलं, आणि बाकीची बरीच वसुली वेगवेगळ्या उपकर-अधिभारांच्या नावाखाली ठेवली. पंपावर आपल्याला फरक काहीच पडला नाही, फरक पडला तो मंत्रालयात. नाव बदललं की वाटेकरी बदलतात, हे आपल्या एकत्र कुटुंबातल्या जमिनींच्या भांडणांतून आलेल्या माणसाला चटकन कळायला हवं.

हस्तांतराच्या क्षणी गाठणारा कर म्हणजे मुद्रांक शुल्क. त्यावर लांबण लावत नाही, दोनच गोष्टी. ते तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा सरकारी रेडीरेकनरच्या किमतीवर लागतं, जी जास्त असेल तिच्यावर. तेव्हा करारात किंमत कमी दाखवून वाचवायचा बेत बहुतेक वेळा फसतो. आणि बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटवर लागत नाही. "दाखला आलाय, जीएसटी नाही" अशी जाहिरात करणाऱ्या बिल्डरनं सिमेंट-सळईवर दिलेला कर दरात कुठे बसवलाय ते आता वाचकाला सांगायची गरज नाही.

राहिला बाळगून असल्याचा कर, आपली जुनी घरपट्टी. शहरांना पूर्वी खरा आधार जकातीचा होता. हा शब्दच मुळात अरबी 'जकात', म्हणजे दानधर्म. आपल्याकडे येऊन तो नाक्यावर ट्रक अडवणारा झाला. मुंबईत दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर रात्री ट्रकांच्या रांगा लागत. बाकीच्या महापालिकांमधून जकात आधीच गेली होती. तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही व्यापाऱ्यांनी फार काळ टिकू दिला नाही. मुंबईतली १ जुलै २०१७ला जीएसटीबरोबर संपली. नाके गेले, बरं झालं. पण महापालिकेच्या हातातलं सर्वांत मोठं, स्वतः गोळा केलेलं उत्पन्नही गेलं, आणि त्या बदल्यात राज्य सरकारकडून दरमहा भरपाई येऊ लागली. स्वतःच्या कमाईवर राहणारी पालिका मनीऑर्डरवर आली म्हणा ना. त्यात २०२२पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ आहे.

सगळ्या करांत हा एकच असा, जिथे भरणारा आणि सोसणारा बहुधा एक असतो (भाडेकरू असाल तर सोडून द्या), पावती तुमच्याच नावाची असते आणि पैसे घेणाऱ्याचं कार्यालय चालत जाता येईल इतक्या अंतरावर असतं. आमच्या गावी मार्च उजाडला की ग्रामपंचायतीची रिक्षा कर्णा लावून फिरते: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती भरा, नाही तर दाखले मिळणार नाहीत. माझा चुलतभाऊ दरवर्षी शेवटच्या दिवशी जातो आणि पैसे मोजायच्या आधी ग्रामसेवकाला विचारतो, "भाऊसाहेब, देवळामागचा दिवा कधीचा बंद आहे, दिवाबत्ती कसली घेता?" दोन वर्षं हे चाललं. यंदा मी मार्चमध्ये गेलो तेव्हा दिवा लागलेला होता, आणि भावानं पहिल्याच आठवड्यात पट्टी भरली होती.